फळ्यावरील चिठ्ठ्या

दिलसुखनगरच्या भिंती शिकवण्यांच्या पाट्यांनी झाकल्या गेल्या, त्यास आता बराच काळ लोटला. तेथे संगणकाची विद्या शिकलेली कितीतरी मुले हायटेक सिटीतील कचेऱ्यांत लागली. २०१९ पासून अमीरपेठेस गाडी बदलून मेट्रोने तेथवर जाता येते. पुष्कळांची कचेरी तर आता घरातच भरते. मुलगी पडद्यावर रंगीत चिठ्ठ्या या रकान्यातून त्या रकान्यात सरकवीत बसते, हे काम तरी कसले, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांस पडतो.

हा फळा संगणकवाल्यांचा नव्हे. तो जपानातील टोयोटाच्या कारखान्यातला. 'कानबान' म्हणजे पाटी. पुढील विभागाची चिठ्ठी आल्यावाचून मागील विभागाने एकही सुटा भाग करावयाचा नाही, असा दंडक ताइइची ओनो यांनी तेथे घालून दिला. अमेरिकेतील दुकानांत गिऱ्हाईक जेवढा माल उचलील तेवढाच पुन्हा मांडतात, यावरून त्यांस ही युक्ती सुचली. म्हणजे चिठ्ठीचा जन्म काम पळविण्यासाठी नव्हे, तर नको असलेले काम थोपविण्यासाठी झाला. आमच्या मते सारी मेख येथेच आहे.

संगणकाच्या फळ्यावर 'करावयाचे', 'चालू', 'तपासणी', 'पूर्ण' असे रकाने असतात. प्रत्येक चिठ्ठीस क्रमांक असतो. लिहिलेली आज्ञावली त्या क्रमांकासह जमा केली की चिठ्ठी आपोआप तपासणीत जाते. चाचणीत दोष निघाला की तशीच परत येते. कोणास विचारावयास नको, कोणास सांगावयास नको. ही सोय उत्तम आहे, यात शंका नाही.

परंतु 'चालू' या रकान्यास मर्यादा नसेल तर? १९६१ साली जॉन लिटल यांनी एक साधा नियम सिद्ध केला. एखादा गट दिवसाला ४ कामे पुरी करीत असेल आणि हाती २० असतील, तर एकेका कामास सरासरी ५ दिवस लागतात. हाती ४० घेतली, तर १० दिवस. माणसे तीच, वेगही तोच. वाढला तो केवळ खोळंबा. आणि तो भरून काढण्यास मग रात्री जागाव्या लागतात. चिठ्ठ्या आपोआप सरकू लागल्या की नव्या चिठ्ठ्याही तितक्याच सहजतेने येऊन पडतात, हे सोयीचे कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत.

काही फळ्यांवर मर्यादा ओलांडली की रकाना लाल होतो. चिठ्ठी मात्र अडत नाही. ती परत धाडण्याचा अधिकार माणसाकडेच राहतो, आणि बहुधा तो माणूस आपल्या मुलीहून वरच्या हुद्द्यावरचा असतो.

तेव्हा रात्री अकरा वाजता दिवा जळत असेल, तर "आज किती चिठ्ठ्या संपविल्यास?" असे तिला विचारू नये. "'चालू'मध्ये किती आहेत, आणि तो आकडा कोणी ठरविला?" असे विचारावे.