ओटा फोडण्याआधी

गेल्या महिन्यात रात्री दहाच्या सुमारास सत्तरीच्या एका आजींना रिक्षातून दवाखान्यात आणले. दमा जुना, पण दोन वर्षे पंपावर तब्येत चांगली होती. त्या रात्री मात्र एकेक शब्द तुटत होता. वाफ दिली, औषधे दिली, तासाभराने सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग मुलगा म्हणाला, "स्वयंपाकघराचं काम काढलंय डॉक्टर. आजच जुना ओटा फोडला." आजींची खाट कुठे होती? स्वयंपाकघराच्या दाराशी! फरशीचा रंग ठरवायला या मंडळींनी साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत दुकाने पालथी घातली होती. आजी पंधरा दिवस कुठे झोपणार, हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नव्हता.

काम काढताना आपण गवंडी बघतो, सुतार बघतो, मुहूर्तही बघतो. माझ्या मते आधी माणसे बघावीत. घरात दमेकरी, तान्हे मूल किंवा गरोदर सून असेल तर फोडाफोडीचे तीन-चार दिवस त्यांना नातेवाइकांकडे पाठवावे. तेवढ्यासाठी लेकीकडे जाण्यात कमीपणा कसला? ते जमत नसेल तर दाराला ओले गोणपाट किंवा जाड प्लास्टिक लावावे, पंखा बंद ठेवावा, आणि कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. जुन्या भिंतींचा तैलरंग कोरडाच घासू नये. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती 2017 साली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला बाधते.

दुसरी धूळ दगडाची. ग्रॅनाइट कापताना उडणाऱ्या धुरळ्यात सिलिका असते. हल्ली ओट्यासाठी जो कृत्रिम क्वार्ट्झ खपतो, त्यात तर ती फारच जास्त. ती फुफ्फुसात बसली की बाहेर निघत नाही. कामगारांना होणाऱ्या सिलिकोसिसमुळे ऑस्ट्रेलियाने जुलै 2024 पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे कापणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून दिवसभर तो धुरळा खातो. दगड शक्यतो बाहेर, पाणी सोडत कापायला सांगावे. कोरोनात आणलेले एन-95 मास्क कपाटात पडले असतील तर ते त्याला द्यावेत. तो आपल्या घरचा नसला तरी कुणाच्या तरी घरचा आहेच.

आता शेगडी. काम सुरू झाले की ती बाहेरच्या खोलीत येते आणि सरळ जमिनीवर बसते. उकळत्या आमटीने भाजलेली लहान मुले मी अशाच घरांतून आलेली पाहिली आहेत. शेगडी भक्कम टेबलावर ठेवावी, सिलिंडर खाली आणि उभाच. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून कटर चालू असताना रेग्युलेटर बंद आणि सिलिंडर दूर. भाजलेच तर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. टूथपेस्ट नको, शाई तर नकोच नको.

नव्या बांधकामावर मारायला पाण्याचे पिंप भरून ठेवतात. उघड्या पिंपात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. आठवड्यातून एकदा ते रिकामे करून, घासून कोरडे करावे.

सांगलीकरांना एक वेगळेच सांगायचे आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेने आयर्विन पुलापाशी 57 फुटांची पातळी ओलांडली. गावभागात राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात पाणी होते. पाणी ओसरल्यावर तिने घाईघाईने ओल्या भिंतीवरच प्लायवूडची कपाटे ठोकून घेतली. पावसाळा संपेपर्यंत आतून काळी बुरशी चढली आणि भाच्याची शिंक थांबेना. शेवटी कपाटे काढून कडप्प्याच्या मांडण्या केल्या. पुराच्या पट्ट्यात भिंत पुरती वाळू द्यावी, मगच लाकूडकाम.

आणि ओट्याची उंची. कंबर आणि मान दुखते म्हणून येणाऱ्या किती बायकांचा ओटा त्यांच्या मापाचा असतो? स्वयंपाक करणारीला उभी करून, कोपराच्या चार-पाच इंच खाली खूण करावी. हे शहाणपण मला उशिरा सुचले. आमच्या घरी 2004 साली ओटा झाला, तेव्हा गवंड्याने माप घेतले ते मला उभे करून. मी पावणेसहा फूट, सौ. जेमतेम पाच. तेव्हापासून ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटते. ओटा मात्र असा भक्कम झाला आहे की फोडायला निमित्त सापडत नाही.