मायक्रोफोनआधी गोधडी

साक्रीसारख्या गावी घरच्या घरी ध्वनिमुद्रण करू पाहणारा पहिला प्रश्न विचारतो तो हा : मायक्रोफोन कोणता घेऊ? आमच्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला खोलीचा.

ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे चार मीटर लांबीच्या रिकाम्या खोलीत तो सेकंदाला 80हून अधिक वेळा भिंतींवर आपटू शकतो. सिमेंटची भिंत व पत्र्याचे छत त्याला फारसे शोषत नाहीत, आवाज घुमतो. महाग मायक्रोफोन हा घुमाराच अधिक स्पष्ट टिपतो! उलट, दोरीवर टांगलेल्या जाड गोधड्यांच्या तंतूंत हवेचे कंपन घर्षणाने विरते. (खर्जाचे सूर मात्र त्या फारसे अडवीत नाहीत.)

मग अंतर. मायक्रोफोन निम्म्या अंतरावर आणला की गळ्यातून थेट येणाऱ्या ध्वनीची तीव्रता चौपट होते, घुमारा जवळजवळ तेवढाच राहतो. 1902 साली कोलकात्यात हॉटेलच्या खोलीत गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. तेव्हा गाणी मुद्रित करायला विजेचा मायक्रोफोन वापरत नसत; भोंग्याशी तोंड नेऊन गावे लागे.

आज साधा मोबाईलही सेकंदाला 44,100 नमुने घेतो. कानाला ऐकू येणाऱ्या 20,000 कंपनांपर्यंत ते पुरेत. पैसे साठले तर आधी कान झाकणारा हेडफोन घ्या, मायक्रोफोन नंतर.

पण त्यासाठी थांबू नका. श्रावणात कानबाईची अहिराणी गाणी म्हणणाऱ्या आजीबाई आज आहेत, आणि पुष्कळशी गाणी त्यांच्या तोंडीच आहेत. त्यांना विचारून, पंखा बंद करून, सुरत–धुळे रस्त्यावरची वाहने विरळ असताना मुद्रण करा. गाणे कोणी म्हटले, गाव कोणते, तारीख काय, हे सुरुवातीलाच बोलून ठेवा.