जंगलरस्त्यावर रात्री ४०च का?

चंद्रपूर-मूल असो वा आलापल्ली-सिरोंचा, रात्री रोही, चितळ, रानडुक्कर अचानक आडवे येतात. ताशी ८० किमी वेगातली कार सेकंदाला २२ मीटर धावते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद जातो. थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही एकूण सुमारे ६० मीटर लागतात. ४० च्या वेगात अंदाजे २०. लो बीमचा उजेड मात्र साधारण ५० मीटरच. म्हणजे ८० वर प्राणी दिसला, तेव्हाच उशीर झालेला असतो.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही. जखमी प्राण्याजवळ जाऊ नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. फलक, गतिरोधक हवेतच; पण ती वाट न पाहता वेग आजच कमी करता येतो.