कृत्रिम प्रकाश, खरे फूल

फुलाचे छायाचित्र सूर्यप्रकाशातच घ्यावे, फ्लॅशच्या उजेडात घेतलेले चित्र खोटे असते, असे मत छायाचित्रणाची हौस असलेल्या मंडळींत पुष्कळदा ऐकू येते. या मताला मुळीच आधार नाही असे नव्हे. कॅमेऱ्याच्या माथ्यावरील फ्लॅश समोरून थेट फुलावर पडला, की पांढरी पाकळी चुना फासल्यासारखी दिसू लागते. तिच्यावरील शिरा, सुरकुत्या, तिचा कोवळेपणा, सारे त्या लखलखाटात बुडून जाते. मागची भिंत तर इतकी काळी होते, की भर दुपारी घेतलेले चित्र अमावास्येच्या रात्रीचे वाटावे. असे चित्र पाहून कोणी फ्लॅशला नावे ठेवली, तर त्याला दोष कसा द्यावा? परंतु हा अपराध प्रकाशाचा नसून तो वापरणाऱ्या हाताचा आहे. कंदिलाच्या उजेडात वाचलेले पत्र काही खोटे ठरत नाही.

मुळात फ्लॅशची गरज का पडते, हे आधी पाहिले पाहिजे. फूल चित्रफलकावर आपल्या खऱ्या आकाराएवढे उमटावे इतक्या जवळ भिंग नेले, म्हणजे चित्रातील रेखीव भाग कमालीचा अरुंद होतो. भिंगाचे छिद्र पुष्कळ लहान केले, तरी जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. त्याच्या पुढचे व मागचे सारे धूसर. छिद्र लहान केले, की आत येणारा प्रकाशही घटतो. मग खिडकीतील उजेडात चित्र उमटण्यास अधिक वेळ द्यावा लागतो, आणि तेवढ्यात कोणी दाणदाण पावले टाकीत शेजारून गेले तरी फूल हलते! फ्लॅशचा प्रकाश बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. तेवढ्या अवधीत डुलणारे फूलही स्थिर असते आणि थरथरणारा हातही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत हॅरोल्ड एजर्टन यांनी १९३० नंतरच्या काळात विजेच्या अशा क्षणिक प्रकाशाचे तंत्र विकसित केले. दुधाचा थेंब पडताच उसळणारा चिमुकला मुकुट त्यांनी याच प्रकाशात जगाला दाखविला. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून त्याला खोटा कोण म्हणेल?

तेव्हा खरी विद्या आहे ती हा प्रखर प्रकाश मवाळ करण्याची, आणि ती घरच्या मेजावर शिकता येते. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून फुलाच्या एका बाजूस, थोडा वर धरावा. फूल आणि फ्लॅश यांच्यामध्ये पांढऱ्या पातळ कागदाचा मोठा ताव उभा करावा. विरळ ढगाआड गेलेला सूर्य जसा साऱ्या आभाळभर पसरतो, तसा तो उजेड कागदभर पसरतो आणि सावल्यांची धार बोथट होते. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा ठेवला, की अंधारातल्या पाकळ्यांनाही थोडा उजेड मिळतो. राहता राहिली काळी पार्श्वभूमी. प्रकाशाचे अंतर दुप्पट झाले, की त्याची तीव्रता एकचतुर्थांश उरते. म्हणून दूरची भिंत काळी पडते. फुलामागे वीतभर अंतरावर फिकट निळे कापड टांगले, तर हा काळोख नाहीसा होतो. भारी भिंग नसले म्हणून अडून बसण्याचे कारण नाही. साध्या भिंगापुढे लावण्याचे जोडभिंग प्रारंभी पुरते.

फूलही बाजारातून आणावयास नको. कुंडीत आपोआप उगवलेली एकदांडी उपटून फेकण्यापूर्वी तिचे फूल एकदा भिंगातून पाहावे. ज्याला एक फूल म्हटले जाते, तो निघतो अनेक फुलांचा मेळा! कडेची पाच-सहा फिकट फुले, प्रत्येकीच्या टोकाला दोन खाचा. आणि मधला प्रत्येक पिवळा ठिपका म्हणजे पाच पाकळ्यांच्या टोकांचे एकेक स्वतंत्र फूल. रोज तिच्यावरून पाय देऊन जाणाऱ्याला हे वैभव ठाऊक नसते.

मग चित्र खोटे केव्हा होते? काही जण पाण्यात ग्लिसरीन मिसळून पाकळ्यांवर फवारतात आणि ते दव म्हणून दाखवितात. येथे मात्र हरकत घेतली पाहिजे. प्रकाश हे पाहण्याचे साधन आहे. दव ही फुलाविषयी सांगितलेली हकिगत आहे, आणि ती घडलेली नाही. जर्मनीतील कार्ल ब्लॉसफेल्ट या कलाशिक्षकाने स्वतः बनविलेल्या कॅमेऱ्याने वनस्पतींची मोठी केलेली चित्रे घेतली. १९२८ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि ते गाजले. तोही रोपांची पाने छाटून घेत असे. परंतु विद्यार्थ्यांना वनस्पतीची घडण उघड करून दाखविणे हा त्याचा हेतू होता, पहाट नसताना पहाट भासविणे हा नव्हे. तरीसुद्धा शिकणाऱ्याने कात्री दूर ठेवलेली बरी.

पारिजातकाच्या बाबतीत तर फूल तोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ते संध्याकाळी उमलते आणि पहाटे आपण होऊन गळते. सडा पडलेला असतानाच एखादे फूल अलगद उचलून मेजावर ठेवावे. ऊन चढू लागले, की पांढऱ्या पाकळ्या मलूल होतात, त्यांच्या कडा तपकिरी पडतात. केशरी देठाचा रंग मात्र बराच वेळ टिकून राहतो. उशिरा उठलेल्याला त्या तपकिरी कडांचेच चित्र घ्यावे लागेल. त्याने ते तसेच घ्यावे.