विश्लेषण : हसताना तोंडावर हात का जातो?

'हसतील त्यांचे दात दिसतील' असे म्हणून आपण लोकांच्या हसण्याकडे दुर्लक्ष करतो. पण स्वतःचेच दात दिसू नयेत म्हणून हसणे आवरणारी मुले-मुली कुठल्याही महाविद्यालयात भेटतात. शहापूर, मुरबाडही त्याला अपवाद नाहीत. हा संकोच कितपत रास्त आहे?

सेल्फीतला चेहरा खरा असतो का?

पूर्णपणे नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की फूटभर अंतरावरून टिपलेले नाक पाच फुटांवरून टिपलेल्या नाकापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते. आरशातही डावे-उजवे उलटे दिसते. त्या प्रतिमेची सवय झाल्याने छायाचित्रातला आपला चेहरा आपल्यालाच परका वाटतो. हा दोष चेहऱ्याचा नव्हे.

पिवळसर दात म्हणजे आजार?

नाही. दाताच्या बाह्य आवरणाखालचा थर मुळातच पिवळसर असतो. मात्र कीड, हिरड्यांतून येणारे रक्त, तोंडातला न जाणारा पांढरा चट्टा किंवा तोंड कमी उघडणे याकडे दुर्लक्ष करू नये. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. दात स्वच्छ करण्यासाठी लावली जाणारी मिश्रीही तंबाखूच आहे.

उपचार कुठे अडतात?

वाकड्या दातांना तारा लावल्या, की साधारण दीड-दोन वर्षे दर चार ते सहा आठवड्यांनी दंतवैद्यांकडे जावे लागते. मुरबाडपर्यंत लोकल नाही. शहापूर तालुक्यात आसनगाव, खर्डी, कसारा ही स्थानके आहेत, पण पाड्यावरून तिथवर पोहोचायलाच एसटी किंवा जीप गाठावी लागते. म्हणजे शुल्काखेरीज प्रवासखर्च आणि बुडालेले तासही आलेच.

मग करावे काय?

राज्याने २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांना 'स्वच्छ मुख अभियाना'चे सदिच्छादूत नेमले. वर्षातून दोनदा दंततपासणी करावी, हा अभियानाचा एक संदेश. तो फलकावरून वर्गापर्यंत यायला हवा. महाविद्यालयातच तपासणी झाली, तर उपचार कशाला हवेत आणि कशाला नकोत, हे विद्यार्थ्याला दंतवैद्याकडूनच कळेल. आज हा निवाडा मोबाइलचा कॅमेरा करतो. सोय नाही म्हणून राहिलेल्या उपचाराची लाज विद्यार्थ्याने का बाळगावी?