तळ्याकाठचा तंबू आणि पाण्याचा राखणदार

पूर्वी सुट्टीतली सहल म्हणजे देवदर्शन, मामाचे गाव, फार तर महाबळेश्वर. आता धरणाच्या काठी तंबूत रात्र काढण्याची टूम निघाली आहे. पवना, मुळशी, भंडारदरा, कोयनेच्या जलाशयाकाठचे तापोळा अशा ठिकाणी शनिवारी संध्याकाळी रंगीबेरंगी तंबूंच्या ओळी लागतात. ज्यांना परवडते ते झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली कॅराव्हॅन गाडी भाड्याने घेतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. आपल्या गावातूनही दोन-तीन कुटुंबे मिळून निघतात आणि जाण्याआधी दवाखान्यात डोकावून विचारतात, "डॉक्टर, बरोबर कोणती औषधे घेऊ?"

प्रश्न चांगला आहे, पण पहिला नव्हे. पहिला प्रश्न असा हवा : "तिथे पाण्याकडे लक्ष कोण ठेवणार?" चिकन किती किलो, शेकोटी कुठे, गाणी कोणती, हे सारे आठवडाभर आधी ठरते. पाण्याचा राखणदार मात्र कोणीच ठरवत नाही. माझे स्पष्ट मत आहे की ज्या कुटुंबाने तो ठरवला नसेल, त्याने मुलांना घेऊन पाण्याकाठी मुक्कामाला जाऊ नये.

हौसेला माझा विरोध नाही. चार भिंतींत आणि मोबाईलमध्ये डोके खुपसून वाढणाऱ्या मुलांनी चांदण्यांनी भरलेले आभाळ पाहावे, मे अखेरीस भंडारदऱ्याच्या रानात लुकलुकणारे काजवे पाहावेत. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतली जवळजवळ पाव पाच वर्षांखालची मुले होती. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले, हे आपण सर्वांनीच वाचले आहे.

धरण म्हणजे पोहण्याचा तलाव नव्हे

तलावाचा तळ सपाट असतो आणि खोली भिंतीवर लिहिलेली असते. धरणाच्या पाण्याखाली एकेकाळची गावे असतात. पवनेचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की वाघेश्वराचे जुने देऊळ उघडे पडते, यावरून काय ते समजा. त्या पाण्यात भातखाचरांचे बांध, जुन्या विहिरी, झाडांचे बुंधे आणि वर्षानुवर्षांचा गाळ आहे. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस एक पाऊल पुढे टाकतो आणि ते बांधावरून खाली पडते. पाणी डोक्यावर जाते. गाळात पाय रुतला तर पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. शिवाय पाण्याची पातळी कमीजास्त होत असते. गेल्या खेपेला उथळ असलेली जागा या खेपेलाही उथळ असेलच असे नाही.

दुसरी गोष्ट, सिनेमातला बुडणारा माणूस हात हलवून "वाचवा, वाचवा" ओरडतो. खरा बुडणारा बहुधा ओरडत नाही, कारण ओरडायला श्वासच उरलेला नसतो. लहान मूल तर मिनिटाभरात गुपचूप खाली जाते. दहा पावलांवर मोठी माणसे गप्पा मारत असतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. पंधरा मोठी माणसे असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा पाहतोच आहे. सगळे पाहतात म्हणजे कोणीच पाहत नाही.

राखणदाराचे नियम

म्हणून निघण्यापूर्वीच पाळ्या लावा. एका वेळी एक मोठा माणूस, तासाभराची पाळी. त्याने फक्त पाण्याकडे आणि मुलांकडे पाहायचे. हातात पत्ते नाहीत, मोबाईल नाही. त्या दिवशी त्याने दारूला शिवायचे नाही. किंबहुना मुलेबाळे बरोबर असताना दारू नकोच, असे मी म्हणेन. त्याचा कोणाला राग आला तरी चालेल.

पाण्यात उतरायचेच नाही. काठावर बसून पाय धुण्यापुरते पाणी पुरे. बोटीत बसायचे तर प्रत्येकाच्या अंगात मापाचे, पट्टे बांधलेले लाइफ जॅकेट हवे. हवा भरलेली ट्यूब म्हणजे जॅकेट नव्हे. बोटवाल्याकडे जॅकेट नसेल तर त्याला लांबूनच नमस्कार करावा.

तंबू पाण्याला अगदी लागून घेऊ नका, फोटो कितीही छान येत असला तरी. सर्वांत धोक्याची वेळ पहाटेची. मोठी माणसे रात्री दोनपर्यंत जागून गाढ झोपलेली असतात, मुले मात्र सहाला टुणकन उठून पाण्याकडे धावतात. तंबूच्या दाराशी मोठ्या माणसाने निजावे आणि पहाटेची पाळी आदल्या रात्रीच लावावी.

कोणी बुडू लागलाच तर त्याच्यामागे उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी घरेच्या घरे बुडाली आहेत. बुडत्याला काडीचा आधार ही म्हण इथे शब्दशः खरी माना. लांब काठी, दोर, साडी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन त्याच्याकडे टाका. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात किंवा उलटे धरून फिरवण्यात वेळ घालवू नका. उताणे निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तीस वेळा जोरात दाबा, पुन्हा दोन श्वास, आणि मदत मिळेपर्यंत हेच चालू ठेवा. माणूस शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच. फुप्फुसांचा त्रास काही तासांनी उफाळू शकतो.

धूर आणि विखार

थंडीत ऊब म्हणून तंबूत कोळशाची शेगडी ठेवणे म्हणजे मृत्यूला आवतण. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. कॅराव्हॅनवाल्यांनीही हे ध्यानात ठेवावे. बंद गाडीत शेगडी नको, जनरेटर खिडकीखाली नको, इंजिन चालू ठेवून झोपणे नको. झोपण्यापूर्वी गॅसची टाकी बंद करावी.

साप आणि विंचू हे रानाचे मूळ रहिवासी आहेत, आपण पाहुणे. तंबूची चेन कायम लावलेली असावी, खरकटे लांब टाकावे, बूट झटकून घालावेत, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तो दंश पुष्कळदा कळतही नाही. पहाटे कोणाचे पोट दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या, तर अपचन समजून ओवा देत बसू नका. आवळपट्टी नको, चिरा नको, मांत्रिक नको. हातपाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठा. विंचवाचा दंशही किरकोळ मानू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे असंख्य रुग्ण वाचवले, पण त्यासाठी रुग्ण वेळेवर पोहोचावा लागतो.

आधी दवाखाना, मग तंबू

जागा ठरवताना जवळचे ग्रामीण रुग्णालय कुठे, वाट कशी, रात्री डॉक्टर असतात का, हे फोन करून विचारा आणि कागदावर लिहून ठेवा. १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे, पण डोंगराच्या कुशीत मोबाईलला रेंज नसेल तर नंबर पाठ असून काय उपयोग? रेंज कुठे मिळते ते पोहोचताच पाहून ठेवा.

आता यादी. ओआरएसची पाकिटे, पॅरासिटामॉल, जंतुनाशक मलम, पट्ट्या आणि घरातल्यांची नेहमीची औषधे, दोन दिवसांची जास्तच. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. धरणाचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळल्याशिवाय पिऊ नये.

एक शब्द व्यवस्थेसाठीही. अपघात झाला की बंदी येते, आठ दिवसांत विसरली जाते. त्यापेक्षा तंबूंना परवानगी देतानाच प्रत्येक ठिकाणी दोर, जॅकेट, खोलीचा फलक आणि एक पोहणारा गडी सक्तीचा करावा. काठावरच्या गावातल्या पोरांना पाण्याची खडान्‌खडा माहिती असते. त्यांना प्रशिक्षण देऊन पगारावर ठेवले तर रोजगारही मिळेल आणि जीवही वाचतील. आपण गिऱ्हाइकांनीही भाव विचारण्याआधी हे विचारायला शिकले पाहिजे. दोर आणि जॅकेट नसलेल्या जागेवरून दोन-चार कुटुंबे परत फिरली की मालकाला ते आणावेच लागतील.