कळ कोणाच्या हाती?

वीजवितरणात स्वयंचलनाचा जयघोष सध्या मोठ्या आवाजात चालू आहे. उपकेंद्रात तिन्ही पाळ्यांना यंत्रचालक कशाला हवेत? दूरच्या नियंत्रण कक्षात पडद्यावरची एक कळ दाबली की फीडर बंद, दुसरी दाबली की सुरू! हे अपरिहार्य आहे आणि शंका घेणारा तो प्रगतीचा शत्रू, असे आपणांस ऐकविले जाते. अर्थशास्त्राच्या अध्यापनात आयुष्य गेल्यामुळे ‘अपरिहार्य’ हा शब्द कानी पडताच त्यामागे कोणाचा लाभ दडला आहे, हे पाहण्याची मला सवय जडली आहे.

उपकेंद्रातील पॅनेल हे काही गूढ प्रकरण नव्हे. रिले प्रवाहावर लक्ष ठेवतो. प्रवाहाने मर्यादा ओलांडली की तो सर्किट ब्रेकरला आज्ञा देतो आणि वाहिनी तुटते. कारखान्यांतही एके काळी अशाच रिलेंनी भरलेली कपाटे असत. मोटारीचे मॉडेल बदलले की ती सारी जोडणी नव्याने करावी लागे आणि हा खर्च मालकांना खुपे. त्यातूनच १९६८च्या सुमारास अमेरिकेत प्रोग्रॅमेबल कंट्रोलर जन्मास आला. म्हणजे या तंत्राच्या जन्मातच खर्चाचा हिशेब आहे. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते हा हिशेब झाकून त्यालाच विज्ञानाची आज्ञा म्हणणे.

२३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये काय घडले ते पाहा. तीन प्रादेशिक वितरण कंपन्यांच्या नियंत्रण यंत्रणेत परक्यांनी शिरकाव केला. चालकांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला आणि एकामागून एक ब्रेकर उघडत गेले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात बुडाले. उपकेंद्रांशी संपर्क राखणाऱ्या उपकरणांतील आज्ञावलीही हल्लेखोरांनी नासवून टाकली होती. तरीही काही तासांतच वीज परतली. कशी? कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हातांनी ब्रेकर चढविले. यंत्र दगा देते तेव्हा यंत्र जाणणारा माणूसच समाजाचा अखेरचा विमा असतो. तिथे तो माणूस शिल्लक होता. आपल्याकडे तो उरणार आहे काय?

दूरनियंत्रणाने बिघाड लवकर सापडतो, वायरमनच्या जिवाचा धोका घटतो, हे मला मान्य आहे. ज्या धंद्यात खांबावर चढलेला माणूस सायंकाळी घरी परतेलच याची शाश्वती नसते, तिथे असे साधन हवेच. पण साधन येते ते कंत्राटी भरतीचा हात धरून. अनुभवी यंत्रचालक निवृत्त होतो, जागा रिकामी राहते आणि दुरुस्तीचे ज्ञान पुरवठादार कंपनीच्या करारात कुलूपबंद होते. पॅनेल जनतेच्या पैशाचे, किल्ली मात्र दुसऱ्याच्या कनवटीला!

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी थबकल्या. पुढे राज्याच्या मंत्र्यांनी घातपाताचा संशय बोलून दाखविला, तर केंद्राने मानवी चुकीवर बोट ठेवले. या वादात साधा प्रश्न बाजूलाच राहिला : असे संकट सावरण्याइतके कायम आणि प्रशिक्षित मनुष्यबळ आपण राखले आहे काय? जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातील वीज कर्मचारी संपावर गेले, ते समांतर वितरण परवान्याच्या विरोधात. कंत्राटी कामगारांना कायम करा ही मागणीही त्यांत होती. तिला केवळ पगाराचे भांडण समजणाऱ्यांनी युक्रेनचा धडा पुन्हा वाचावा.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक उपकेंद्र हाताने चालविता येईल अशी सोय कायम ठेवा आणि तिचा नियमित सराव घ्या. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या नियंत्रण यंत्रणेची आज्ञावली व नकाशे सार्वजनिक कंपनीच्याच ताब्यात असू द्या. कायमस्वरूपी कामाला कायम माणूस नेमा. यंत्रातून होणाऱ्या बचतीचा पहिला वाटा कामगाराच्या सुरक्षिततेवर खर्च करा.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील उपकेंद्रावर जाऊन एवढेच विचारावे : संगणक बंद पडला तर हा ब्रेकर कोण चढविणार? उत्तरादाखल माणसाऐवजी एखाद्या कंपनीचा दूरध्वनी क्रमांक मिळाला, तर लढा कोठून सुरू करायचा ते कोणी सांगावे लागणार नाही.